विजेची मोटार : चाक केवढें घ्यावें?

विजेवर चालणारी मोटार घ्यावी कीं न घ्यावी, हा विषय आतां बहुतेक सुशिक्षित घरांतून एकदां तरी चर्चेला येऊन गेलेला आहे. बॅटरी किती वर्षें टिकेल, एकदां ती पूर्ण भरली म्हणजे गाडी किती किलोमीटर जाईल, वाटेंत ती भरून घेण्याची सोय कोठें कोठें आहे, या प्रश्नांचा काथ्याकूट घरांतील कर्ती मंडळी रात्रीं जेवणें झाल्यावर मोठ्या हौसेनें करितात. रंगाविषयीं तर लहानथोर सर्वांचीं मतें घेतलीं जातात. चाक केवढें असावें, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तो परस्पर सुटतो. म्हणजे असें कीं, गाडीची जी अधिक किंमतीची प्रत असते तिला मोठीं, झळझळीत चाकें बसविलेलीं असतात, तीं घरांतील तरुणांच्या मनांत भरतात, आणि "एवढे पैसे घालतोंच आहों, तर वरचीच प्रत घेऊं" असें म्हणून वडील माणसेंही मान डोलावितात.

आम्हांला जें सांगावयाचें आहे तें या मान डोलावण्याविषयींच आहे. जी गाडी केवळ शहरांतील गुळगुळीत रस्त्यावरून कचेरीपर्यंत जाऊन यावयाची आहे तिची गोष्ट वेगळी. परंतु जिच्यांतून आजी-आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत सर्वांना घेऊन गणपतीला कोंकणांत उतरावयाचें आहे, जिला ताम्हिणीचा किंवा वरंध्याचा घाट ऐन पावसाळ्यानंतर ओलांडावयाचा आहे, आणि शेवटचे दोन मैल गांवच्या उखणलेल्या वाटेनें जावयाचें आहे, त्या गाडीच्या बाबतींत चाकाची निवड ही छताच्या कांचेपेक्षां किंवा समोरच्या मोठ्या पडद्यापेक्षां अधिक महत्त्वाची आहे. तींत घरच्या माणसांच्या पाठी, खिशांतील पैसा आणि रात्रींच्या वेळीं वाटेंत अडकण्याचा धोका या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

प्रथम टायरच्या अंगावरचा मजकूर वाचावयास शिकलें पाहिजे. टाटांच्या नेक्सॉन या विजेच्या गाडीच्या टायरवर २१५/६० आर १६ असे आंकडे उठविलेले असतात. तेच उदाहरणादाखल घेऊं. पहिला २१५ हा टायरची रुंदी मिलिमीटरांत सांगतो. दुसरा ६० हें शेंकडा प्रमाण आहे : रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत रबराची जी उभी भिंत दिसते, तिची उंची रुंदीच्या शेंकडा ६०, म्हणजे १२९ मिलिमीटर. ‘आर’ हें अक्षर आंतील धागे कोणत्या पद्धतीनें घातले आहेत तें दर्शवितें. शेवटचा १६ हा मात्र इंचांत असून तो रिमचा व्यास होय. मिलिमीटर, शेंकडा आणि इंच यांची ही खिचडी प्रथम कोणी शिजविली असेल तो असो, पण आज ती साऱ्या जगांत रूढ आहे आणि समजण्यास कठीणही नाहीं. या तीन आंकड्यांवरून संबंध चाकाचा बाहेरचा व्यास काढतां येतो. १६ इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर, त्यांत वरची व खालची मिळून दोन भिंती मिळविल्या कीं, सुमारें ६६४ मिलिमीटर होतात.

आतां गंमत अशी आहे कीं, दुकानांत ज्यास ‘मोठें चाक’ म्हणतात तें बहुधा मोठें चाक नसतेंच. पुण्याजवळ चाकण येथें तयार होणारी महिंद्रांची बीई सिक्स ही गाडी नोव्हेंबर २०२४ मध्यें लोकांपुढें आली. तिच्यासाठीं २४५/६० आर १८, २४५/५५ आर १९ आणि २४५/५० आर २० असे तीन आकार ठेवलेले आहेत. जिज्ञासूंनीं कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करून पाहावा. तिन्ही चाकांचा बाहेरचा व्यास ७५१ ते ७५३ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तंतोतंत सारखा भरतो. वाढतें काय, तर मधली धातूची थाळी. आणि घटतें काय, तर तिच्याभोंवतीची हवा. रबराची भिंत पहिल्या आकारांत १४७ मिलिमीटर आहे, दुसऱ्यांत ती १३५ होते, तिसऱ्यांत सुमारें १२२. बांगडी तेवढीच राहावी आणि मनगट मात्र जाड होत जावें, तसा हा प्रकार आहे. गाडीची जमिनीपासूनची उंची त्यामुळें वाढत नाहीं, खड्डा ओलांडण्याची शक्तिही वाढत नाहीं. केवळ दर्शनी शोभा वाढते.

आणि भार वाहते ती हवाच. आपल्या बैलगाडीचें चाक पूर्वीं पुरुषभर उंचीचें कां असे, याचा विचार केल्यास हें चांगलें ध्यानांत येईल. लांकडाचे आरे आणि वर लोखंडाची धांव, अशा चाकाला दबण्याची सोयच नव्हती. तेव्हां खड्ड्यांतून सुटण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे चाकाचा घेर वाढविणें. १८४५ सालीं रॉबर्ट थॉम्सन या स्कॉटिश गृहस्थानें हवा भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें, पण त्याची कल्पना काळाच्या पुढची ठरून विसरली गेली. पुढें १८८८ मध्यें बेलफास्ट येथील जॉन डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवेची रबरी नळी तयार केली, आणि तेथून चाकाचा सारा इतिहास पालटला. पोराला दगडी रस्त्यावर हादरे बसूं नयेत, एवढाच त्या बापाचा हेतु होता. त्या हेतूनें चाकांत जी हवा आली, ती आपण शोभेसाठीं इंचाइंचानें बाहेर काढीत आहों, हें पाहून मौज वाटते.

तथापि केवळ रिम लहान असली म्हणजे झालें, असेंही नव्हे. संबंध चाकाच्या घेराचें काम वेगळें आणि रबराच्या भिंतीचें काम वेगळें. या दोन गोष्टींची गल्लत होऊं देतां कामा नये. रस्त्यांत फूटभर लांबीचा खड्डा आहे असें समजा. एमजी कंपनीची कॉमेट ही चिमुकली विजेची गाडी १४५/७० आर १२ या टायरवर चालते. तिच्या चाकाचा व्यास अवघा ५०८ मिलिमीटर असल्यामुळें, भूमितीच्या हिशेबानें, असें चाक त्या खड्ड्यांत सुमारें ५० मिलिमीटर खालीं उतरेल. नेक्सॉनचें चाक ३७ मिलिमीटरांच्या आसपास उतरेल, आणि बीई सिक्सचें ३२. म्हणजे चाकाचा घेर जितका मोठा तितका खड्डा त्याला उथळ लागतो. कॉमेटची रिम बारा इंचांची म्हणून ती खडबडीत वाटेला उत्तम, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो फसेल. ती गाडी शहरांतील गल्लीबोळांसाठीं आहे आणि तेथें ती शोभते. आपल्याला हवें तें असें कीं, बाहेरचा घेर मोठा आणि आंतली रिम लहान.

चाक खड्ड्याच्या पलीकडच्या कडेवर आदळतें तेव्हां काय घडतें तें पाहिलें म्हणजे भिंतीचें महत्त्व कळतें. टायर त्या ठिकाणीं आंत दबला जातो. भिंत उंच असेल तर रिमची कड रस्त्याला भिडण्यापूर्वींच धक्क्याचा जोर ओसरतो. ती ठेंगणी असेल तर रबर रिम आणि खड्ड्याची कड यांच्या कात्रींत सांपडतें, आंतील धागे तुटतात, आणि कांहीं वेळानें टायरच्या अंगावर लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा फुगवटा येतो. असा फुगवटा आलेला टायर दुरुस्त होत नाहीं. तो टाकूनच द्यावा लागतो, आणि तसाच चालविला तर भर वेगांत फुटण्याचें भय असतें. रिमचीही तीच गत. साध्या पोलादाची रिम वांकते आणि कुशल कारागीर ती ठोकून बऱ्याच अंशीं सरळ करितो. अ‍ॅलॉयची ओतीव रिम मात्र वांकण्याबरोबर तडकतेही, आणि तडकलेली रिम जोड देऊन पुन्हां वापरणें शहाणपणाचें नाहीं.

हें सर्व पेट्रोलच्या गाडीलाही लागू नाहीं काय, असें कोणी विचारील. आहे, परंतु विजेच्या गाडींत त्याची धार अधिक तीक्ष्ण होते. बॅटरीमुळें अशी गाडी त्याच घाटाच्या पेट्रोलच्या गाडीपेक्षां कित्येकदां दीड-दोनशें किलोंनीं जड असते, म्हणजे दोन-तीन भरल्या अंगाचे पाहुणे नेहमींच बसलेले आहेत असें समजावें. खड्ड्याच्या कडेवर हा वाढीव भारही आदळतो. शिवाय विजेच्या मोटारीचा सारा जोर पायाचा दाब पडतांक्षणींच चाकांत उतरतो, त्यामुळें टायर झिजतातही लवकर. इंजिनाची घरघर नसल्यामुळें टायरचा आवाज आणि प्रत्येक गचका गाडींत स्पष्ट जाणवतो. जी आजी पूर्वीं इंजिनाच्या आवाजाला कंटाळत असे, ती आतां प्रत्येक खड्डा मोजीत बसते!

बॅटरी बहुधा गाडीच्या तळाशीं, पायांखालीं पसरलेली असते, ही आणखी एक गोष्ट. तिचें आवरण भक्कम असतें यांत शंका नाहीं, तरी दगडधोंड्यांच्या वाटेवर गाडीची पोट घासण्याची संवय बरी नव्हे. ही जमिनीपासूनची उंची चाकाच्या बाहेरच्या घेरानें ठरते; रिम वाढविल्यानें ती वाढत नाहीं, हें वर आलेंच आहे.

आमच्या एका स्नेह्यांनीं गाडी घेतल्यावर महिनाभरांतच मुलाच्या आग्रहानें बाहेरच्या एका दुकानांतून दोन इंच मोठ्या रिमा आणि पातळ टायर बसवून घेतले. गाडी दिसे मोठी देखणी. भाद्रपदांत सहकुटुंब कोंकणांत जातांना घाटांत अंधार पडल्यावर पुढचें डावें चाक पाण्यानें भरलेल्या खड्ड्यांत गेलें आणि टायरची भिंत बोटभर फाटली. गाडींत स्टेपनी नव्हती; होता तो हवा भरण्याचा लहान पंप आणि भोंक बुजविण्याच्या द्रव्याची बाटली. तें द्रव्य खिळ्यानें पडलेल्या भोंकाला उपयोगी पडतें, फाटलेल्या भिंतीला नाहीं. घाटांत मोबाइलला रेंज नव्हती. आई सत्तरीच्या पुढच्या, धाकटी नात चार वर्षांची, बाहेर संततधार. एका टेंपोवाल्याच्या कृपेनें मंडळी मध्यरात्रीं खालीं गांवांत पोंचलीं. गाडी मात्र दुसऱ्या दिवशीं उचलून न्यावी लागली. त्याहून कठीण गोष्ट पुढेंच होती. तालुक्याच्या गांवीं त्या आकाराचा टायर कोणापाशींच नव्हता, आणि तो शहरांतून मागविण्यांत गणपतीचे पहिले तीन दिवस निघून गेले.

टायर कोठें मिळेल हा प्रश्न दुकानांतील झगमगाटांत कोणाला सुचत नाहीं, पण गृहस्थाश्रमी माणसानें तो अवश्य विचारावा. २१५/६० आर १६ हा आकार मारुतीच्या ब्रेझालाही चालतो, त्यामुळें तो लहान गांवच्या दुकानदारालाही परिचयाचा असतो. वीस इंची टायरच्या बाबतींत अशी आशा धरतां येत नाहीं, आणि किंमतींतही दोहोंची तुलना नको.

स्टेपनीचा उल्लेख आला म्हणून थोडें विषयांतर करितों. हा शब्द आपल्याकडे इतका घरगुती झाला आहे कीं, तो कोण्या गांवचा याची कोणी चौकशीही करीत नाहीं. वेल्समधील लानेली या गांवीं स्टेपनी स्ट्रीट नांवाचा रस्ता आहे. १९०४ च्या सुमारास तेथेंच जादा चाकाचा हा धंदा सुरू झाला आणि रस्त्याचें नांव चाकाला चिकटलें. आपल्याकडे २०२० सालीं केंद्र सरकारनें नियमांत बदल करून, टायरमधील हवेवर लक्ष ठेवणारें यंत्र आणि पंक्चर काढण्याचें साहित्य असल्यास लहान गाड्यांना स्टेपनीवांचून चालण्याची मोकळीक दिली. विजेच्या गाड्यांत जागा आणि वजन दोन्ही वांचवावयाचीं असल्यामुळें कारखानदारांना ही सवलत सोयीची पडली. गाडी पसंत करतांना मागची फळी उचलून खालीं चाक आहे कीं बाटली आहे, हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. बाटली असेल तर उंच भिंतीच्या टायरचा आग्रह दुप्पट धरावा.

आतां ज्या गोष्टीची विजेच्या गाडीच्या मालकाला सर्वांत अधिक काळजी, त्या अंतराकडे वळूं. ह्युंदाईच्या आयोनिक सिक्स या गाडीचें २०२३ सालचें अमेरिकेंतील सरकारी मोजमाप या बाबतींत डोळे उघडणारें आहे. तीच मोठी बॅटरी, मागच्याच चाकांना जोर. अठरा इंची चाकांवर गाडी एका भरणींत ३६१ मैल जाते, वीस इंची चाकांच्या प्रतींत ३०५ मैल. किलोमीटरांत सांगावयाचें तर ५८१ आणि ४९१. नव्वद किलोमीटर कोठें गेले? कांहीं भाग वीस इंची चाकांच्या प्रतींतील वाढीव सामानाच्या वजनांत गेला असेल. पण मुख्य वांटा चाकांचा आहे. मोठ्या रिमेवरचा टायर २२५ ऐवजीं २४५ मिलिमीटर रुंद, म्हणून हवेचा आणि रस्त्याचा अडथळा जास्त. शिवाय जड धातु मध्यापासून दूर सरकल्यामुळें तें चाक फिरविण्यास जोरही जास्त लागतो. आपल्या घाटांतून आणि बाजारपेठांतून गाडी सावकाश चालते, तेव्हां तफावत इतकी पडणार नाहीं. परंतु ती नाहींशी होईल असें मात्र नव्हे, आणि चार्जिंगचें ठिकाण चाळीस किलोमीटरांवर असतांना थोडें अंतरही थोडें वाटत नाहीं.

मोठ्या रिमेच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहींच नाहीं काय? आहे. तिच्या आंत मोठे ब्रेक मावतात; टायरची भिंत ठेंगणी म्हणून ती वळणावर कमी लवते आणि गाडी सुकाणूच्या आज्ञेंत चटकन् वागते. द्रुतगति मार्गावर वेगानें जाणाऱ्याला तें सुख जाणवतें. उंच भिंतीची गाडी वळणावर थोडी डुलते, हेंही कबूल केलें पाहिजे. पण आपण तीन पिढ्यांना घेऊन शर्यतीला निघालों नाहींत.

लहान रिम घेण्यालाही मर्यादा आहे. ज्या गाडीला कारखानदारानें अठरा इंच हा लहानांत लहान आकार ठरविला आहे तिला सोळा इंची रिम बसविण्याचा खटाटोप करूं नये. ती ब्रेकला घांसेल किंवा बसणारच नाहीं. कारखान्यानें त्याच गाडीसाठीं दिलेल्या आकारांपैकीं सर्वांत लहान रिमेचा पत्करावा, एवढेंच आमचें सांगणें. मधल्या प्रतींत लहान चाकें आणि वरच्या प्रतींत मोठीं, अशी व्यवस्था असेल तर वरची प्रत घेऊन खालच्या प्रतीचीं चाकें बदलून मिळतील काय, असें स्पष्ट विचारावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं. मिळालीं तर लेखी घ्यावें, म्हणजे पुढें हमीचा वाद राहत नाहीं. बाहेरचा व्यास मूळच्यापेक्षां शेंकडा दोन-तीनपलीकडे बदलूं देऊं नये, नाहीं तर वेगाचा कांटा आणि किलोमीटरांची नोंद दोन्ही चुकतात.

आकाराच्या पुढें ९५ एच यासारखी आणखी एक खूण असते, तिच्याकडेही लक्ष द्यावें. तिच्यांतील आंकडा त्या टायरला किती भार झेपेल तें सांगतो : ९५ म्हणजे ६९० किलो, ९१ म्हणजे ६१५. जुना टायर झिजला म्हणजे दुकानदार त्याच आकाराचा पण कमी आंकड्याचा टायर स्वस्तांत दाखवितो आणि पुष्कळांची फसगत होते. विजेची जड गाडी, तींत सात माणसें आणि वर फराळाचे डबे, अशा वेळीं ही पंचाहत्तर किलोंची तूट प्रत्येक चाकावर पडते.

राहिली हवा. उत्तम टायर घेऊनही जो हवेकडे दुर्लक्ष करील त्याचें सर्व व्यर्थ आहे. किती हवा भरावी हें ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पट्टीवर दिलेलें असतें. गाडी भरलेली असतां थोडी जास्त, असेंही तेथें बहुधा सांगितलेलें असतें. खड्ड्यांचा रस्ता म्हणून हवा कमी करण्याची जी जुनी रीत आहे ती येथें उलट अपाय करिते, कारण मऊ टायर कात्रींत लवकर सांपडतो. उष्णमान पांच-सहा अंशांनीं उतरलें कीं हवेचा दाब सुमारें एका पौंडानें उतरतो. तेव्हां मे महिन्यांत भरलेली हवा थंडीच्या पहांटे पुरेशी असेल असें गृहीत धरूं नये. माप सकाळीं, टायर गार असतांना, घ्यावें.

आणि कोंकणांतून परत आल्यावर गाडी धुवावयाच्या दिवशीं घरांतील एखाद्या चौकस मुलाला हातीं बॅटरीचा दिवा देऊन चारी चाकांपाशीं बसवावें. बाहेरची बाजू सर्वांनाच दिसते. फुगवटा पुष्कळदां आंतल्या बाजूला, गाडीच्या पोटाकडे, येतो. सुकाणू पूर्ण एका अंगाला वळविलें म्हणजे पुढच्या चाकांची ती बाजू उघडी पडते. मागच्या चाकांसाठीं मात्र जमिनीवर गोणपाट अंथरून आडवें व्हावें लागतें.